श्यामकळा तेलाची बाई

१

हरीशला सगळ्यात जास्त डाचत होतं ते पुढचं हॉटेल. कनेरगाव नाक्यावरून वाशिमकडे निघालं की थोडं पुढे, डाव्या हाताला. दोन भावांनी तिथे जुन्या काळाचा थाट मांडला होता. पत्र्याच्या जाहिराती, बंद पडलेला रेडिओ, कंदील, तांब्याचा बंब. चहा आपला साधाच, वर थोडा करपलेला. पण पोरंपोरी गाड्या थांबवून तिथे फोटो काढत, आणि फोटो काढून भूक लागली की जेवतही तिथेच. इकडे हरीशच्या 'हॉटेल गोजराई'त शेवभाजी अशी की खाणाऱ्याने बोटं चाटावीत, भाकरी चुलीवरची, आणि गिऱ्हाईक म्हणजे तेच ते ट्रकवाले, औंढ्याला दर्शनाला निघालेली एखादी जीप आणि औषध कंपन्यांची फिरती माणसं. हॉटेलाला नाव आईचं दिलं होतं, गोजरबाईचं. आईचा हात काही नावात उतरला नाही, असं त्याला अलीकडे वाटायला लागलं होतं.

"चव बघायला कुणाला टाइम हाय," तो बायकोला म्हणायचा. "लोकं डोळ्यानं जेवून राहिले आता."

"मग तुमीबी लावा चार डबडे भिंतीला," प्रियंका कढईवरची नजर न हलवता म्हणाली.

ती चेष्टेने म्हणाली होती, पण हरीशने ते मनावर घेतलं. त्याच्या भिंतीवर होता तो पनीरच्या फोटोचा फ्लेक्स, आणि ऊन लागून ते पनीर निळं पडलं होतं. निळं पनीर बघून कुणाला भूक लागणार? मुलगी आरोही, चौथीतली, तिने सुद्धा एकदा विचारलं होतं की बाबा, हे साबण आहेत का.

हिंगोलीत गुलाबचंद नावाच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं तेल-अत्तराचं जुनं दुकान पाडायला काढलं होतं. हरीश तिथे गेला. माळ्यावर, रिकाम्या डब्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक चौकट उभी होती. गुलाबचंदने ती स्वतः उतरवली, स्वतः रद्दीत गुंडाळली, सुतळी बांधली. एवढं सगळं करताना त्याने चित्राकडे एकदाही पाहिलं नाही, हे हरीशच्या फार नंतर लक्षात आलं.

"घेऊन जा भाऊ," तो म्हणाला. "मला याचं काही नको."

२

जाहिरात केसांच्या तेलाची होती. जाड कागदावर छापलेली आणि वरून काच बसवलेली. खिडकीत एक बाई पाठमोरी बसली आहे, केस मोकळे, पार जमिनीला टेकलेले, आणि मान वळवून ती बघणाऱ्याकडे बघते आहे. हातात तेलाची बाटली आहे, पण बाटली हातात आहे हे ती विसरून गेल्यासारखी.

काय चित्र होतं! आताच्या फ्लेक्सवर रंगांची नुसती जत्रा भरते, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. इथे रंग मोजकेच. लुगड्याचा हिरवा, काठाचा हळदी पिवळा, कुंकवाचा लाल आणि केसांचा काळा. त्या काळ्याला आतून निळी झाक होती. वर कमानीसारखी वाकवलेली अक्षरं, 'श्यामकळा केशतेल', हाताने काढलेली, प्रत्येक अक्षराखाली लाल सावली. खाली बारीक ओळ, 'ज्या घरी श्यामकळा, त्या घरी समाधान'. ज्याने कुणी काढलं त्याला शेटजीने बाटली खपवायला सांगितलं असणार, आणि या बाबाने सगळा जीव बाईवर लावून ठेवला. बाटलीकडे लक्षच जात नव्हतं.

हरीशने ते घेतलं त्याला खरं कारण वेगळंच होतं. ती बाई प्रियंकासारखी दिसत होती. तो शिरड शहापूरला मुलगी बघायला गेला होता तेव्हा पोह्यांचा ट्रे ठेवून आत जाताना प्रियंकाने दारातून असंच वळून पाहिलं होतं. त्या एका बघण्यावर हरीशने लग्नाला होकार दिला होता.

"तुझ्यावानी हाय," त्याने चित्र भिंतीला लावताना सांगितलं.

"कायतरीच. माझे केस हायत का एवढे?" प्रियंकाने दारातून ओझरतं पाहिलं. "काच पुसून घ्या तेवढी." आणि ती आत फोडणीकडे गेली. स्वयंपाकघर मागे, बसायची खोली पुढे. तिला पुढे येऊन भिंती बघत बसायला सवड कुठली?

३

डबडं लागू पडलं. लोक थांबायला लागले. हरीश पहिले काही दिवस खुशीत होता, मग वैतागला. कारण लोक थांबत, पण जेवत नसत. ताट समोर आलेलं असायचं आणि माणूस हात धुवायला उठला की त्या चित्रापुढे खिळायचा. भाजीवर साय धरायची. मग "गरम करून आणा" म्हणून वर आवाज यांचाच.

रोज दुपारी चहाला येणारे तातेराव एकदा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ही तर आमची थोरली वहिनी."

"वहिनी?" शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला उठला. "दादा, काही काय सांगून राहिले? ही आपली आत्या हाय. हे नाक बघा ना."

दोघांची चांगलीच जुंपली. एक नाक दाखवतो, दुसरा हनुवटी. शेवटी हरीश गल्ल्यावरून उठून आला. "अहो, माझी बायको आत भाजी करून राहिली, तिच्यासारखी हाय ही. भांडता काहून?" दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याने मध्ये येऊन भलतंच काही सांगितलं.

त्याने फोनवर फोटो काढून खुलासा करायचं ठरवलं. फोटोत काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा पडायचा, नेमका चेहऱ्यावर. ट्यूब बंद केली तर दाराचा उजेड पडायचा. इकडून काढ, तिकडून काढ, बाटली स्वच्छ, केस स्वच्छ, अक्षरं स्वच्छ, आणि तोंडाच्या जागी पांढरा डाग. काच आहे, असं होणारच, तो स्वतःला म्हणाला आणि फोन आपटून ठेवला.

सकाळी हॉटेल उघडलं की हरीश आधी सगळ्या फोटोंना उदबत्ती दाखवायचा. गल्ल्यामागे देव, देवांच्या शेजारी आईचा फोटो. त्या सकाळी तो आला तर भाकऱ्या करणाऱ्या आशाबाई त्याच्याआधी मागच्या दाराने आल्या होत्या. चित्राला झेंडूचा हार घातलेला होता. काचेवर, बाईच्या कपाळावर, ओलं कुंकू.

जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का? आणि तिथे तर हारात प्रियंका होती. त्याने हार ओढून तोडला. आशाबाईंना बोलावून नको नको ते बोलला. त्या पीठ लागलेले हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

"माजी पुष्पी हाय ती, मालक," त्या म्हणाल्या. "लेक माजी. हिरीत गेली व्हती. तिचा फोटू न्हाई आमच्या घरात एकबी."

हरीशला स्वतःची लाज वाटली. त्याने फडक्याने काच पुसली. फडकं लाल झालं, पण कपाळावरचं लाल तसंच राहिलं. छापील असणार. आधीही एवढं मोठं होतं का, हे त्याला काही केल्या आठवेना.

४

आता त्याला चैन पडेना. तातेराव आले तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी कुठं असतात तुमच्या?"

"असतात कुठल्या? जाऊन जमाना झाला."

ट्रकवाला पुन्हा त्या रस्त्याने आला, त्याची आत्याही गेलेली. वसमतचा एक माणूस म्हणाला ही आमची बहीण, ती बाळंतपणात गेलेली. काहींना कुणीच दिसत नसे. ते म्हणत, चांगली आहे बाई, आणि जेवायला बसत. हरीशला त्यांचा हेवा वाटायला लागला.

त्याने नीट विचार केला. तो काही अडाणी नव्हता. चित्र जुनं, बाईचा पेहराव जुना. ते बघून जुनी माणसंच आठवणार. जुनी माणसं म्हणजे बहुतेक गेलेली. शिवाय ज्याची सय येत असते तोच चेहरा माणसाला कुठेही दिसतो. हे सगळं अगदी बराबर होतं. फक्त प्रियंका जिवंत होती, आणि तिची सय येण्याचं कारण नव्हतं, ती आत "कांदा संपला" म्हणून ओरडत होती.

बालाजी हा औषध कंपनीचा तरुण पोरगा, दर फेरीला त्याच्याकडे जेवणारा. हात पुसत चित्रापुढे थांबला आणि हसला. "हरीशभाऊ, ही तर आमची आई. डिट्टो."

हरीशने हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "आई हायत ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे, बऱ्या हायत ना?"

बालाजीला गंमत वाटली. त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "जेवलास का रे? त्या भायेरच्या तेलाचं खात जाऊ नको." बालाजीने हरीशकडे बघून डोळा मारला. हरीशला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. जिवंत माणसंही दिसतात म्हणजे. आपण उगाच डोक्याला ताप करून घेतला. त्या दिवशी त्याने बालाजीला आग्रह करकरून वाढलं, आणि मागे जाऊन प्रियंकाशी कारण नसताना इतकं गोड बोलला की तिने विचारलं, आज काय बिघडलंय तुमचं?

५

मग बालाजीच्या फेऱ्या चुकल्या. सुट्टीवर असेल, हरीश म्हणाला. भाग बदलला असेल. कंपन्या भाग बदलतातच.

एका दुपारी मोटारसायकल येऊन थांबली. बालाजीने हेल्मेट काढलं. डोक्यावरचे केस गेले होते, नुकते बारीक खुंट वर येत होते.

हरीश गल्ल्यावरून उठलाच नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काही झालेलं नव्हतं हो," बालाजी आपणहून म्हणाला. "भांडे घासले, उठली, म्हणाली जरा बसते. बसली ती बसलीच." त्याने जेवण मागवलं नाही. चित्रापुढे जाऊन उभा राहिला, हेल्मेट पोटाशी धरून. बराच वेळ. मग म्हणाला, "हरीशभाऊ, हिला इथून हलवू नका. मी येत जाईन बघायला."

तो गेल्या गेल्या हरीशने चित्र उतरवलं. खिळाही भिंतीतून निघून आला. चित्राकडे न बघता त्याने ते उलटं धरलं आणि गुलाबचंदला फोन केला. म्हणाला, तुमचं चित्र परत आणून देतो.

"दिलेली चीज आम्ही परत घेत नाही."

"अहो शेटजी, पण हे..."

"कौन दिखा?" म्हाताऱ्याने मध्येच हिंदीत विचारलं.

हरीशने सांगितलं, घरवाली.

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही, पुढेही कधी लागला नाही.

६

एक चित्र टाकून देणं एवढं अवघड असतं, हे हरीशला कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता.

जाळायचं ठरवलं. मागच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर नेलं, डिझेल शिंपडलं, काडी पेटवली. आणि तसाच उभा राहिला. काचेमागून प्रियंका मान वळवून बघते आहे आणि तिच्या तोंडाला आपण आपल्या हाताने अग्नी देतो आहोत. काडी बोटाला भाजली. मग कयाधू नदीत सोडायला निघाला. देवादिकांचे जुने फोटो लोक पाण्यातच सोडतात. पण पुलावर पोचल्यावर आठवलं, पाण्यात आणखी काय काय सोडतात ते. गाडी वळवली. पुरायचं म्हटलं तर खड्डा खणावा लागणार, आणि कुणाच्या नावाने खड्डा खणणं तो मनात सुद्धा आणू शकत नव्हता. उरलं पुढचं हॉटेल. ते दोघं भाऊ नाचत घेऊन गेले असते. पण तिला परक्याच्या भिंतीला टांगून यायचं? येणाऱ्या-जाणाऱ्याने तिच्यापुढे उभं राहून आपापली मेलेली माणसं बघायची?

जे करावं ते शेवटी एकाच ठिकाणी जाऊन पोचत होतं. हरीशला इतकी चीड आली की त्याने धुऱ्यावरच्या बाभळीला लाथ घातली, आणि वर काटाही मोडून घेतला.

चित्र कोठीत गेलं. कांद्याच्या पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून. प्रियंकाला त्याने काही सांगितलं नाही. सांगणार काय? फक्त तिला गॅसची टाकी बदलू देईना, स्कूटीची चावी लपवून ठेवली, ती भांडी घासून "जरा बसते" म्हणाली की हा ओरडायचा, "बसू नको!"

"तुमाला झालंय तरी काय?" ती म्हणाली. "येडं लागून राहिलं का मला लावून राहिले?"

मग त्याला एक मार्ग सुचला. ज्यांना दिसली त्यांना आपापली गेलेली माणसं दिसली. आपलंही गेलेलं माणूस आहे की. आईच दिसली पाहिजे होती, प्रियंका मध्ये कुठून आली? आई दिसली म्हणजे प्रियंका त्यातून सुटली. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तो कोठीत जाई, चौकट वळवी आणि त्या चेहऱ्यात आई शोधत बसे. आणि तिथे त्याला दुसराच धक्का बसला. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवत होता तो गल्ल्यामागचा फोटो. मतदान कार्डावरून स्टुडिओवाल्याने मोठा केलेला, मान कापून एका तयार पैठणीवर बसवलेली. आईने जन्मात पैठणी नेसली नव्हती. आई म्हणून तो रोज सकाळी कुणाला उदबत्ती ओवाळत होता?

तो बसून राही. समोर प्रियंका. रोज प्रियंका.

७

त्या दुपारी तो खरोखर कांदे घ्यायलाच गेला होता. पोतं ओढलं तशी चौकट घसरली आणि सरळ झाली. झरोक्यातून ऊन येत होतं. हरीशने पाहिलं आणि हातातलं पोतं सोडलं.

खालचा ओठ किंचित वाकडा. ओठाच्या कोपऱ्यात मिश्रीचा काळा डाग. एक भुवई वर, लेकरू उन्हातून आल्यावर जेवला का रे विचारताना जायची तशी. हे कुठल्याच फोटोत नव्हतं. हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, आत्ता बघेपर्यंत. गोजरबाई.

हरीश कांद्याच्या पोत्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. किती दिवसांचं अडकलेलं मोकळं झालं. आई बघत राहिली. त्याने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. आईच. प्रियंकाचा मागमूस नाही.

"प्रियंका," त्याने हाक मारली. "ये इकडं. लवकर ये."

ती आली. पिठाचे हात, कपाळावर घाम, वैतागलेली, धडधाकट. हरीशला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली.

"काय ओरडून राहिले?"

"बघ ना. माझी आई. तू पाह्यलंच न्हाई तिला कधी. बघ, अशी व्हती."

प्रियंका त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. ते चित्र तिने पहिल्यांदाच असं निवांत पाहिलं. तिचा वैताग हळूहळू गेला, चेहरा मऊ झाला. "तुमची आई कुठली," ती हसून म्हणाली. "ही तर आपली आरोही. मोठी झाली का अशीच दिसंल बघा. बराबर अशीच."

हरीशच्या डोक्याने घाईघाईने हिशेब मांडायला घेतला. मोठी झाली का, असं म्हणाली ती. म्हणजे मोठी होणार. लग्न होईल, लेकरं होतील, म्हातारी होईल, तोवर आपण दोघं कधीच गेलेले असू. माणूस म्हातारं होऊन जातंच, त्यात काय. यात वाईट काही नाही.

"केवढी मोठी?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"केवढी दिसते तुला? नीट बघ. केस पांढरे हायत का एखादे? गळ्यात मंगळसूत्र हाय का?"

"काहून असं करून राहिले तुमी?"

"तू बघ."

त्याचा आवाज ऐकून ती खाली वाकली, पदराने काच पुसली, आणखी जवळ गेली. "पांढरे कुठले," ती पुटपुटली. "मंगळसूत्र..." ती थांबली. पुन्हा पुसलं. झरोक्यातलं ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. बाहेर रस्त्यावर शाळेचा ऑटो येऊन हॉर्न वाजवायला लागला. ऑटो पलीकडच्या बाजूला थांबायचा, आणि ट्रक भरधाव असतात म्हणून आरोहीला हाताला धरून अलीकडे आणायला दोघांपैकी कुणीतरी रोज जायचं.

"मघाशी मोठी वाटली व्हती मला," प्रियंका म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आता तेवढी न्हाई वाटत."

हॉर्न पुन्हा वाजला. मग ऑटो निघून गेल्याचा आवाज आला. हरीश अनवाणीच पळत सुटला.